शाबानचे एकोणतीस दिवस

२१ जानेवारी, बुधवार

काल शाबानचा चाँद दिसला. रमजानला एक महिना उरला. ही वही डेपोतल्या जोतीरामने मला निवृत्तीच्या दिवशी दिली होती, दोन वर्षं कोरीच पडली होती. आज उघडली. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण माझी शाळा मराठी, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच उतरतं.

तेराव्या वर्षापासून मी एकही रोजा सोडलेला नाही. सत्तेचाळीस रमजान झाले. त्यातली बत्तीस वर्षं एसटीची ड्रायव्हरकी. इंदापूर–सोलापूर गाडी, मे महिना, इंजिनाची धग पायाला, तरी घोटभर पाणी घेतलं नाही. इंदापुरात कुणालाही विचारा, दस्तगीर ड्रायव्हरचा रोजा म्हटलं की मान हलवतात.

गेल्या जुलैत दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार बारामतीला डायलिसिस. आज डॉक्टरीणबाईंना मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, पुढच्या महिन्यात रोजे धरले तर चालतील का. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. "अजिबात नाही, तांबोळी. एकही नाही," म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. अर्ध्या मिनिटात सत्तेचाळीस वर्षं निकालात निघाली.

खुतेजा शेजारी उभी होती.

२३ जानेवारी, शुक्रवार

सगळ्यात वाईट शुक्रवार. जुम्म्याची अजान होते तेव्हा मी मशीनला जोडलेला असतो. डाव्या हातात दोन सुया, हात हलवायचा नाही, चार तास. दवाखान्याच्या खिडकीतून अजान ऐकू येते. मी पडल्या पडल्या ओठ हलवतो. बत्तीस वर्षं अख्खी गाडी माझ्या हातात होती, आता माझा हातच माझ्या ताब्यात नाही. छताला एकवीस पट्ट्या आहेत. मी दर खेपेला मोजतो आणि दर खेपेला एकवीसच भरतात.

शेजारच्या खाटेवर केसरबाई असतात, कोऱ्हाळे बुद्रुकच्या. पासष्टीच्या असतील, तीन वर्षं डायलिसिसवर आहेत. बोलायला मोकळ्या. त्यांचा मुलगा बुद्धघोष हा शाळेत शिक्षक आहे, तो त्यांना मोटारसायकलवरून आणून सोडतो. आज म्हणाल्या, "भाऊ, लई पुटपुटताय. जप हाय का?" मी म्हणालो, नमाज. त्यानंतर माझं होईपर्यंत त्या गप्प बसल्या, नर्सलाही त्यांनी हाताने थांबवलं.

२५ जानेवारी, रविवार

मनाशी ठरवलं. कुणाला सांगायचं नाही. गाडी लांबच्या रूटवर न्यायच्या आधी आपण जवळ फिरवून बघतोच. शाबानमध्ये आपखुशीचे नफिल रोजे धरले तर सवाब मिळतो, पुण्य लागतं, त्यात मशीन नसलेल्या दिवशी दोन-तीन धरून बघायचे. शरीराने साथ दिली तर रमजान धरायचा. डॉक्टरीणबाईंना पुस्तक माहीत, माझं शरीर माहीत नाही.

हा अल्लासाठीच धरतोय. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मनात शंका यायला नको.

२७ जानेवारी, मंगळवार

पहिला झाला.

पहाटे फजरच्या आधी उठलो. वजूला हातपाय धुतोय असं दाखवून स्वयंपाकघरात गेलो, शिळंपाकं काही मिळेल म्हणून. टोपल्यात दोन भाकरी फडक्यात गुंडाळलेल्या, शेजारी वाटीत दूध. रात्रीच्या भाकरी पहाटेपर्यंत उबदार होत्या. आमच्या घराला ऊब धरून ठेवायचा गुण आहे, भिंती जाड आहेत. खुतेजा पलीकडच्या खोलीत गाढ झोपलेली होती, तोंडावरून पांघरूण घेऊन.

दुपारी तिने ताट वाढलं. मी म्हणालो, नंतर जेवतो. ती मागच्या दारी गेली तेव्हा भाकरी-भाजी उचलून शेजारच्या म्हस्कूच्या म्हशीला घातली. खुतेजाने रिकामं ताट उचललं, काही विचारलं नाही. दुपारच्या गोळ्या जेवणासोबतच्या, त्या खिशात ठेवल्या.

तहानेची मला सवय आहेच. तसंही दिवसाला लिटरभरच पाणी मोजून मिळतं. संध्याकाळी अजानच्या वेळी मोरीत जाऊन दोन खजूर खाल्ले. खजूर मला बंद आहे, त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं म्हणे. पण खजुराशिवाय इफ्तार कसला. इफ्तारची दुआ म्हणताना डोळ्यांत पाणी आलं. मी अजून पहिल्यासारखाच होतो.

हल्ली खुतेजाला तहान लागत नाही वाटतं. माझ्यासमोर तिला पाणी पिताना बरेच दिवस पाहिलं नाही. थंडीचे दिवस आहेत.

२९ जानेवारी, गुरुवार

दुसरा झाला. पाय जरा सुजलेत. भाकरी आजही टोपल्यात होत्या, आज सोबत अंड्याची पोळी. खुतेजा हल्ली रात्री जास्तीचं करून ठेवते आणि विसरते.

दुपारनंतर असरच्या नमाजला मशिदीत गेलो. नमाज झाल्यावर, ती पढवणारे हाफिजसाहेब चार शब्द बोलले. रमजान पाहुणा आहे, पाहुण्यासाठी घर झाडता तसं मन झाडा, येत्या मंगळवारी शब-ए-बरातची रात्र आहे, ज्याचं मन तुम्ही दुखावलं असेल त्याची तिच्या आत माफी मागा. बाहेर पडताना दोघा-तिघांनी हात धरून विचारलं, ड्रायव्हरसाहेब, यंदा रोज्याचं कसं? मी म्हणालो, "इन्शाअल्ला, नेहमीसारखं." त्यांची तोंडं बघून बरं वाटलं.

मन झाडायचं म्हटलं तर माझं कुणाशी वैर नाही. खुतेजाचा धाकटा भाऊ बाबालाल आठ वर्षांत आमच्याकडे आला नाही, पण तो त्याचा स्वभाव. लोणी देवकरला कंपनीत आहे, पाऊण तासाच्या अंतरावर. यायचं असतं तर आला असता.

३० जानेवारी, शुक्रवार

वजन तीन किलोने जास्त भरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी जास्त झालं का, खाण्यात काही बदल? मी नाही म्हणालो. रमजानच्या तयारीत खोटं बोललो. उद्या तौबा करतो.

केसरबाई ऐकत होत्या. डॉक्टरीणबाई गेल्यावर हळूच म्हणाल्या, "उपास धरताय व्हय?" मी छताकडे बघत राहिलो. मग त्यांनी स्वतःचंच सांगितलं. दर पुनवेला त्या अष्टशील घ्यायच्या, म्हणजे दुपारनंतर अन्न घ्यायचं नाही. तीस वर्षं पाळलं. आता संध्याकाळच्या गोळीबरोबर काहीतरी खावंच लागतं. "लई रडले मी. माज्या सासूनं शिकिवल्यालं हुतं ते. मग भन्तेजी म्हनले, बाई, शील पाळायचं का शिलाचा गर्व पाळायचा, ते तुमी ठरवा." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आन तुमी तर बाराही महिनं तहानलेलं. त्यो तुमच्या देवाला दिसत न्हाय का?"

राग आला. त्यांना आमच्यातलं काय कळतंय.

१ फेब्रुवारी, रविवार

तिसरा. शुक्रवार ते सोमवार मधलं अंतर मोठं असतं, आजचा दिवस काढला तर सगळा रमजान निघेल. दुपारपासून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय. इफ्तारला चार खजूर, दोन तांबे पाणी, राहवलंच नाही. आता आडवं होता येत नाही. बसूनच लिहितोय. दम

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी घरी आलो. त्या दिवसाचं नीट आठवत नाही. खुतेजाने म्हस्कूला हाक मारली, त्याने जीपमध्ये घातलं. बारामतीला पोहोचलो तेव्हा फुफ्फुसात पाणी भरलं होतं आणि पोटॅशियममुळे काळीज ठोके चुकवत होतं. त्याच रात्री मशीनला जोडलं. मधली शब-ए-बरात दवाखान्यातच गेली. सगळं इंदापूर कब्रस्तानात फातेहा पढत होतं आणि मी नाकात नळी घालून पडलो होतो.

एक गोष्ट लिहायची आहे. सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई माझ्यावर नाही, खुतेजावर चिडल्या. खजूर कुणी दिले, पाणी कुणी मोजलं नाही. अख्ख्या वॉर्डासमोर. खुतेजा म्हणाली, "माझीच चूक झाली, बाई. माझ्या लक्षात राहिलं न्हाय." बाई म्हणाल्या, तुमचा नवरा मेला असता, तुमच्या हाताने मेला असता. ती मान खाली घालून उभी.

मी शुद्धीवर होतो. मला बोलता येत होतं. मी डोळे मिटून घेतले.

बरं झालं तिने सांभाळून घेतलं, असं तेव्हा वाटलं. आज लिहिताना तसं वाटत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

हाफिजसाहेब घरी आले. तरणा माणूस आहे, माझ्या अर्ध्या वयाचा. मी सगळं सांगितलं, चोरून धरलेल्या तीन रोज्यांसकट. मला वाटलं, निदान हिंमतीचं तरी कौतुक करतील. ते म्हणाले, आजाऱ्याला सूट अल्लाने स्वतः दिलेली आहे, कुठल्या डॉक्टरने किंवा मौलवीने नाही. बरं व्हायची आशा असेल तर नंतर भरून काढायचे, नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं. तोच तुमचा रमजान.

मी म्हणालो, पण लोक काय म्हणतील?

त्यांनी साधेपणाने विचारलं, "चाचा, आजपर्यंत कुणासाठी धरत होता?"

ते गेले. या प्रश्नातून बाहेर पडायला कुठल्याही बाजूने वाट नाही. रोजा धरावा तर जीव जातो, अल्लाची सूट नाकारल्यासारखं होतं. सोडावा तर मी कोण उरतो? दस्तगीर ड्रायव्हरमधून रोजा काढला तर एक म्हातारा, मोजून पाणी पिणारा.

आणि मग बाबालाल आठवला. खरं तर विसरलो कधीच नव्हतो. आता लिहून टाकतो.

आठ वर्षांमागे रमजान ऐन उन्हाळ्यात होता. इंदापूर स्टँडवर सकाळी अकराला मी गाडी लावून उतरलो तर कँटीनच्या मागे बाबालाल चहा पीत उभा. मी खाकी वर्दीत होतो. जाऊन त्याच्या हातातला ग्लास उडवला. प्रवासी बघत होते, माझा कंडक्टर बघत होता. मी ओरडलो, मुसलमानाच्या पोटचा आहेस का नक्की, आईला विचारून ये. चहा त्याच्या शर्टावर सांडला होता. तो तसाच चालत गेला. मला वाटलं, लाजला.

दोन वर्षांनी कुणाकडून तरी कळलं, त्याला तेव्हा टीबी झाला होता. उपाशीपोटी त्या गोळ्या घेतल्या की त्याला उलट्या व्हायच्या. कंपनीतून काढतील म्हणून त्याने घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. कळल्यावरही मी गेलो नाही. म्हटलं, त्यानेच सांगायला हवं होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

लोणी देवकरला जाऊन आलो. खुतेजाला सांगितलं, जोतीरामकडे जातो. एकटाच बसने गेलो.

बाबालाल पहिल्या पाळीवरून सुटून खोलीवर आला होता. केस पांढरे झालेत. मला दारात बघून त्याने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, सुजलेल्या. आत ये म्हणाला, खुर्ची दिली. बायकोने पाणी आणलं, मी एक घोट घेऊन ठेवलं, तर त्याने तिला खुणेनं सांगितलं, आग्रह करू नको. म्हणजे त्याला माझ्या पाण्याचं माहीत होतं. कसं, ते मी विचारलं नाही.

मी ठरवून आलेलं सगळं बोललो. स्टँडवर जे केलं ते चुकलं, टीबीचं कळल्यावरही आलो नाही ते त्याहून चुकलं. मला माफ कर.

तो बराच वेळ हातावरचा ग्रीसचा डाग नखाने खरवडत राहिला.

"दाजी, माफ केलं म्हणायला मला काय जातंय. दोन शबूद हाईत," तो म्हणाला. "पण आठ वरसांत तुमी आज आलासा. का, तर रमजान तोंडावर आला. तुमाला त्याच्या आत मोकळं व्हायचंय. मी तुमच्या रमजानची तयारी न्हाय, दाजी."

तोच पुढे म्हणाला, "आन ग्लास माझा हुता, त्याचं मी बघून घेईन. पर आई माझ्या एकट्याची न्हवती. आपाची बी हुती. तिला कदी इचारलंसा?" खुतेजाला तो आपा म्हणतो.

त्याने मला बसपर्यंत आणून सोडलं. बस येईपर्यंत उभा राहिला. हात मिळवला नाही. मी चढताना मात्र कोपराला धरलं, उजव्या. डावा हात सुयांचा, तो धरायचा नसतो, हेही त्याला माहीत होतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

मशीन. एकवीस पट्ट्या. माफी मागायला गेलो आणि ती मिळाली नाही, आता काय करायचं असतं हे कुणी सांगितलेलं नाही. केसरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मिळंल न्हायतर न्हाय मिळायची, तुमी मागून ठेवली ना, मग आता त्याच्या उंबऱ्यावर ठेवून गप बसा. मग म्हणाल्या, गेल्या शुक्रवारपासून तुमचं वजन बरं भरतंय. माझं वजन त्या लक्षात ठेवतात हे मला माहीत नव्हतं. त्यांचं किती भरतं ते मी आज पहिल्यांदा विचारलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस धीर होत नव्हता. आज दुपारी खुतेजा मूग निवडत बसली होती. मी समोर जाऊन जमिनीवर बसलो. म्हणालो, दवाखान्यात तू माझ्यासाठी बोलणी खाल्लीस, मी डोळे मिटून घेतले, मला माफ कर.

तिने मूग निवडायचं थांबवलं नाही. म्हणाली, "मी काय तुमच्यासाठी खोटं बोलले न्हाय. त्या भाकरी रात्रीच्या न्हवत्या."

मला कळायला वेळ लागला.

ती पहाटे चारला उठायची. भाकरी भाजायची, फडक्यात बांधायची आणि मी उठायच्या आत जाऊन तोंडावर पांघरूण घ्यायची. "तुमी ऐकणार न्हाय हे मला ठावं. अडवलं असतं तर उपाशीपोटी धरला असता. म्हटलं, निदान पोटात काहीतरी असूदे. खजुराचा डबा बी मीच वरून खाली काढून ठेवला. मोरीत चोरून खाताय ते बघवंना. मग बाईंनी इचारलं कुणाच्या हातनं, तर माज्याच हातनं न्हाय का?"

चाळीस वर्षं मी समजत होतो की या घरात रोजा मी धरतो.

मग बाबालालचं काढलं. मी तुझ्या आईला बोललो होतो, म्हणालो. आता तिचे हात थांबले. तिने सांगितलं, त्या दिवशी संध्याकाळी तिच्या कानावर आलं होतं. मी इफ्तारला बसलो होतो, मला भजी वाढता वाढता ती ते मनात घोळवत होती. आठ वर्षांत तिच्या माहेरचं माणूस तिच्या उंबऱ्याला लागलं नाही. दर ईदला ती फोनवर बोलते, मी मशिदीत असतो तेव्हा. "तुमी कदी इचारलं न्हाय, ईदला तुजा भाऊ का येत न्हाय. एकदा बी न्हाय."

मी म्हणालो, चुकलं.

ती म्हणाली, "व्हय." एवढंच. सूप उचलून आत गेली. आतूनच म्हणाली, "पहिला रोजा मी बाबालालकडं सोडणार हाय. लोणीला. तुमचं दुपारचं तुमी बघा."

विचारत नव्हती. सांगत होती.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मशीनवरून परत येताना बसच्या खिडकीतून चाँद बघितला, केसापेक्षा बारीक. गाडीतल्या दोघा-तिघांनी मोबाइलवर मुबारकबाद द्यायला सुरुवात केली. खुतेजाने पदर डोक्यावर घेऊन दुआ मागितली. मीही हात उचलले, पण मागायचं काय ते सुचेना. दरवर्षी मागतो, तीसही रोजे पूर्ण कर. यंदा ते मागायचं नव्हतं. हात तसेच धरून बसलो, मग तोंडावरून फिरवले.

उद्यापासून आमच्या गल्लीतल्या झुंबर म्हातारीला रोज जेवण द्यायचं ठरलंय. एकटी असते, तिला हल्ली दिसत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार. पहिला रोजा

पहाटे खुतेजाबरोबर उठलो. तिने सहेरी केली, मी समोर बसून होतो. नऊच्या बसने ती लोणीला गेली.

घरात एकटा. स्वयंपाक मला येत नाही, पण भाजी कशी करायची ते ती सांगून गेली होती. माझी भाजी चिरून, उकडून, ते पाणी फेकून मग करावी लागते. भात लावला. आधी झुंबरआजीला डबा नेऊन दिला. तिने घास घेतला आणि म्हणाली, "दस्तगीर, मीठ इसरलास का रं?" माझ्या खाण्यात मीठ नसतं, तेच तिलाही केलं होतं. घरी येऊन मीठ घेऊन परत गेलो. तिने हसून स्वतःच्या हाताने कालवलं.

एक वाजला. ताट वाढून घेतलं आणि तिथेच अडलो. हात तोंडाकडे जाईना. दार उघडं होतं, गल्लीतून माणसं जात होती. उठून दार लावलं. मग वाटलं, हे मोरीतल्या खजुरासारखंच झालं. परत उघडलं. रोज्याची नियत मला तेराव्या वर्षापासून पाठ आहे, जेवणाची कुणी शिकवली नाही. मग मराठीतच म्हणालो, या अल्ला, तू सांगितलंस म्हणून जेवतो. बिस्मिल्ला म्हणून घास घेतला. ताट पूर्ण संपवलं. गोळ्या घेतल्या.

दुपारभर लाज येत होती. ती गेली असं लिहिणार नाही. शेजारच्या पोराने रोजा मुबारक म्हणून हात पुढे केला तेव्हा मी हात मिळवला आणि गप्प राहिलो. एवढंही बोलायची हिंमत नाही माझ्यात, तर वही भरून काय उपयोग, असं वाटलं.

साडेसहा वाजून गेल्यावर अजान झाली. मी वाटीभर पाणी घेतलं, तेवढीच माझी संध्याकाळ. जरा वेळाने फोन वाजला. खुतेजा. मागे भांड्यांचा, पोरांचा आवाज. रोजा सोडला म्हणाली, बाबालालच्या बायकोने खिचडा केलाय म्हणाली. तिचा आवाज मोकळा होता, असा आवाज मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मी म्हणालो, उद्या सावकाश ये, मशीनला मी एकटा जातो.

ती म्हणाली, थांबा, आणि फोन दुसऱ्या हातात गेला. मला श्वास ऐकू येत होता.

"दाजी," बाबालाल म्हणाला. "जेवलासा का?"

"जेवलो," मी म्हणालो. "दुपारी जेवलो. रोजा न्हाय माझा."

"बरं केलंसा," तो म्हणाला, आणि फोन खुतेजाकडे दिला.